मागच्या रांगेतील वाद्ये



या व्याख्यानमालेचे दोघे चालक निमंत्रण घेऊन आमच्या युनियनच्या कचेरीत आले, तेव्हा आम्ही त्यांना विचारले, "विषय काय ठेवायचा? बोनस, की कंत्राटी कामगार?" ते म्हणाले, "ते तुम्ही वर्षभर बोलताच. या खेपेला तुमच्या आवडीचे काहीतरी सांगा." आम्ही म्हटले, "मग पाश्चात्त्य वाद्यसंगीतावर बोलतो." दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने चहाचा पेला खाली ठेवला. त्यांच्या मनात काय आले असेल ते आम्ही ओळखले. नववीत शाळा सुटलेला, गेटावर घसा फोडून बोलणारा हा माणूस, याचा आणि त्या संगीताचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो एका चाळीतून आला आहे. गिरणगावातल्या ज्या चाळीत आमचे बालपण गेले, तिथे आमच्या शेजारच्या खोलीत एक वृद्ध गोवेकर गृहस्थ राहत. सगळी चाळ त्यांना अंकल म्हणे. उमेदीच्या काळात ते सिनेमाच्या वाद्यवृंदात डबल बास वाजवीत. माणसाहून उंच असे ते वाद्य; व्हायोलिनचे थोरले भावंडच म्हणा. वाजवणारा त्याला कवेत घेऊन उभा राहतो आणि अगदी खर्जातले स्वर काढतो. अंकलनी शेकडो गाण्यांना साथ केली होती. पडद्यावर त्यांचे नाव एकदाही आले नाही. १९८२ सालच्या संपात आमचे वडील घरी बसले होते, तेव्हा संध्याकाळी ते अंकलच्या दारात जाऊन बसत आणि आम्ही त्यांच्या पाठीमागे. एकदा आम्ही पोरवयात विचारले, "अंकल, गाण्यात तुमचं वाजवणं ऐकू कुठं येतं?" ते हसले. म्हणाले, "आमचा साउंड कोण ऐकत नाय रे. पण आमी बंद केला ना, मग सगले विचारतात, काय गेला?"

आमच्या वडिलांनी मान डोलावली. गिरण्या तेव्हा बंदच होत्या.

त्याच खोलीत अंकलनी आम्हाला एक जुनी तबकडी ऐकवली. तिच्यात डबल बास मागे नव्हता. तो पुढे होता, आणि सबंध वाद्यवृंद त्याला साथ करीत होता. "ह्येला कॉन्चेर्टो बोलतात," अंकल म्हणाले. आज आम्ही बोलणार आहोत ते या कॉन्चेर्टोविषयी, आणि त्यातही अशा वाद्यांच्या कॉन्चेर्टोंविषयी, की ज्यांना पुढे येऊन वाजवण्याची संधी मिळेल असे कुणाला वाटले नव्हते.

कॉन्चेर्टो म्हणजे काय, ते आधी सोप्या भाषेत सांगू. एका बाजूला पन्नास-साठ वादकांचा वाद्यवृंद आणि दुसऱ्या बाजूला एकटा वादक, अशी ही मांडणी. इटलीत सतराव्या शतकाच्या अखेरीस तिला आकार आला. बहुधा तिचे तीन भाग असतात: पहिला जलद, दुसरा संथ, तिसरा पुन्हा जलद. कधी एकटा बोलतो आणि समूह उत्तर देतो. कधी समूह एखादी गोष्ट मांडतो आणि एकटा ती फिरवून पाहतो. मध्येच एक जागा अशी येते, की सारा वाद्यवृंद हात आखडून गप्प बसतो आणि तो एकटाच वाजवीत राहतो.

आपल्याला हे अगदी परके वाटू नये. आपल्याकडे स्वतंत्र तबलावादन असते, तेव्हा काय होते? एरवी गवयाच्या बाजूला बसून ठेका धरणारा तबलजी मध्यभागी येतो, आणि पेटी किंवा सारंगी तोच तो लेहरा आवर्तनामागून आवर्तन वाजवीत त्याला आधार देते. साथ करणारा मुख्य होतो, आणि मुख्य स्वर साथीला येतो. ही अदलाबदल ज्याला कळली, त्याला कॉन्चेर्टो कळला, असे आम्ही बेधडक म्हणू.

आता वाद्यवृंदातही आपल्या समाजासारखीच उतरंड असते. पियानो आणि व्हायोलिन ही मानाची वाद्ये. नामवंत कॉन्चेर्टो बहुतेक त्यांच्यासाठीच लिहिले गेले. बाकीच्यांनी मागे बसायचे, खर्ज धरायचा, ताल सांभाळायचा. मात्र ही उतरंड काही निसर्गाने घातलेली नाही. व्हेनिसचा विवाल्डी घ्या. १७०३ पासून तो तिथल्या अनाथ मुलींच्या आश्रमात संगीत शिकवीत असे. त्याचे व्हायोलिनचे कॉन्चेर्टो जगाला ठाऊक आहेत. पण बॅसून नावाचे जे लाकडी, जाड आवाजाचे वाद्य तोवर बहुधा खालचे स्वर धरण्यापुरतेच वापरीत, त्याच्यासाठी या एकट्या माणसाने जवळजवळ ४० कॉन्चेर्टो लिहिले. मेंडोलिनसाठी लिहिले, छोट्या बासरीसाठी लिहिले. म्हणजे मार्ग पहिल्यापासून मोकळा होता. पुढच्या लोकांनी तो वापरला नाही, इतकेच.

अंकलच्या डबल बासची गोष्ट यापेक्षाही बोलकी आहे. जोव्हान्नी बोत्तेसिनी हा इटलीतला मुलगा १८२१ साली जन्मला. मिलानच्या संगीत विद्यालयात त्याला घालायचे ठरले, पण वडिलांपाशी पैसा नव्हता. विनावेतनाच्या दोनच जागा शिल्लक होत्या: एक बॅसूनची आणि एक डबल बासची. या वाद्यांकडे कोण जाणार? तोवर व्हायोलिन वाजवणाऱ्या या मुलाने काही आठवड्यांत डबल बासची तयारी केली आणि प्रवेश मिळवला. गरिबाला शिल्लक राहिलेली जागा मिळते, हे आपल्या परिचयाचेच आहे. परंतु या मुलाने त्या शिल्लक जागेचे काय केले? त्याने त्या अवजड वाद्यातून असे सूर काढले, की लोक त्याला डबल बासचा पागानिनी म्हणू लागले. त्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहायला कुणी पुढे येईना, तेव्हा त्याने ते स्वतःच लिहिले. आणि १८७१ साली कैरोमध्ये व्हेर्दीच्या 'आयदा' या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन याच बोत्तेसिनीने केले. पुढे रशियातला सर्गेई कुसेवित्स्की हाही डबल बासवाला. त्यानेही आपल्या वाद्यासाठी स्वतः कॉन्चेर्टो लिहिला आणि १९२४ ते १९४९ अशी पंचवीस वर्षे अमेरिकेतल्या बोस्टनच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व केले. मागे उभे राहून ज्याने सगळ्यांचे ऐकलेले असते, त्याला पुढे उभे राहणे जड जात नाही, असे आम्हाला वाटते.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण आमच्या आजच्या म्हणण्याचा सारा भार तिच्यावर आहे. खर्जाचे वाद्य पुढे आणले, म्हणजे ते आपोआप ऐकू येते असे नाही. खालचे स्वर समूहाच्या आवाजात बुडून जातात. मग दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, वादकाला स्वतःत बदल करावा लागतो. एकट्याने वाजवताना डबल बासवाले पुष्कळदा किंचित बारीक तारा चढवतात आणि वाद्य एक पूर्ण स्वर वर लावतात, म्हणजे आवाज उजळतो. दुसरी गोष्ट समूहाने करायची असते. रचनाकाराने वाद्यवृंद विरळ करावा लागतो. जिथे पुष्कळ व्हायोलिने वाजत असती तिथे थोडी ठेवायची, कर्णे गप्प बसवायचे, जागा मोकळी करून द्यायची. नुसते "पुढे या" असे म्हणून भागत नाही. बाकीच्यांनी आवाज खाली आणावा लागतो. ही अर्धी गोष्ट सगळे विसरतात. आम्हीही विसरलो होतो. ते पुढे सांगणारच आहोत.

आता ट्यूबाकडे वळू. हे मोठे पितळी वाद्य. आपल्या वरातीच्या बँडात अंगाला वेटोळे घालून जे वाद्य एखादा दणकट माणूस वाहून नेतो, ते याचेच भावंड. १८३५ साली बर्लिनमध्ये ट्यूबाचे पेटंट घेतले गेले. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे त्याने वाद्यवृंदाच्या शेवटच्या रांगेत बसून काढली. बाकीच्या कर्ण्यांना पायाभूत स्वर द्यायचा आणि तासभराच्या रचनेत पुष्कळ वेळ मुकाट्याने मोजत बसायचे, हे त्याचे काम. अशा वाद्यासाठी राल्फ व्हॉन विल्यम्स या इंग्रज रचनाकाराने कॉन्चेर्टो लिहिला. प्रसंग होता लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या सुवर्णमहोत्सवाचा. १३ जून १९५४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली तो प्रथम सादर झाला. ट्यूबा वाजवला फिलिप कॅटेलिनेट यांनी. ते त्याच वाद्यवृंदातले ट्यूबावादक होते. बाहेरून कोणी मोठा पाहुणा आणला नव्हता. घरातलाच माणूस मागच्या खुर्चीवरून उठून पुढे आला होता.

तेव्हा रचनाकाराचे वय होते ८१ वर्षांचे. या गृहस्थाने आयुष्यभर खेड्यापाड्यांतल्या हौशी गायकमंडळांना शिकवण्यात कमीपणा मानला नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याला ट्यूबा का आठवला याचे नवल वाटत नाही. ही रचना जेमतेम तेरा मिनिटांची आहे. पहिल्या भागात ट्यूबा धिप्पाड माणसासारखा डुलत चालतो, आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू येते. पण दुसरा, संथ भाग सुरू झाला की हसू विरून जाते. त्या अवजड धातूतून इतकी हळुवार, लांब पल्ल्याची धून निघते, की वाटावे, हा माणूस इतकी वर्षे काय मनात धरून बसला होता! आम्ही ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा आम्हाला आमच्या वडिलांची आठवण झाली. ते घरात फार बोलत नसत.

हसण्याचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दल दोन शब्द बोलू. अनोखे वाद्य पुढे आले की लोक आधी हसतात. अठराव्या शतकात व्हिएन्नाच्या आल्ब्रेख्ट्सबेर्गरने दातांशी धरून बोटाने छेडायच्या वाद्यासाठी, म्हणजे आपल्या मोरचंगाच्या जातीच्या वाद्यासाठी, कॉन्चेर्टो लिहिले. हा कोणी विदूषक नव्हता. पुढे बेथोव्हेन त्याच्याकडे शिकायला गेला. आणि १९५६ साली लंडनमध्ये जेरार्ड हॉफनुंग या व्यंगचित्रकाराने विनोदी संगीताचा जलसा भरवला, तेव्हा डेनिस ब्रेन या थोर हॉर्नवादकाने बागेला पाणी घालायच्या रबरी नळीवर लिओपोल्ड मोझार्टच्या कॉन्चेर्टोतला भाग वाजवून दाखवला. त्याच जलशात माल्कम अर्नोल्डच्या रचनेत धूळ ओढणारी तीन यंत्रे वाद्य म्हणून घरघरत होती. लोक पोट धरधरून हसले. त्यात वाईट काही नाही. हॉफनुंग स्वतः ट्यूबा शिकला होता. त्याचे हसणे प्रेमाचे होते. मात्र दोन हसण्यांतला फरक आपण ओळखला पाहिजे. एका हसण्यानंतर माणूस कान देऊन ऐकू लागतो. दुसऱ्या हसण्यानंतर तो ऐकणेच सोडून देतो.

आता आमच्या बिरादरीची गोष्ट सांगतो. इंग्लंडच्या उत्तर भागात एकोणिसाव्या शतकात गिरण्या आणि कोळशाच्या खाणी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर कामगारांचे पितळी वाद्यांचे बँड उभे राहिले. यॉर्कशायरमधला ब्लॅक डाइक मिल्सचा बँड १८५५ चा. मँचेस्टरला बँडांच्या स्पर्धा १८५३ पासून सुरू झाल्या. पुष्कळ ठिकाणी वाद्यांना पैसा मालकांनी दिला. कामगार गुत्त्यात किंवा सभेत जाण्याऐवजी बँडात रमलेला बरा, असाही त्यांचा हिशेब असे. परंतु वाद्य एकदा कामगाराच्या हाती आले, की मग ते मालकाचे राहत नाही. दिवसभर मागावर किंवा खाणीत राबलेले हात संध्याकाळी अत्यंत कठीण रचना वाजवू लागले. त्यांच्या बँडात युफोनियम नावाचे वाद्य असते. ट्यूबाचा धाकटा भाऊ म्हणा. त्याच्या नावाचा अर्थच 'गोड आवाजाचा' असा आहे. पण मोठ्या शहरांतल्या प्रतिष्ठित वाद्यवृंदांत त्याला कायमची खुर्ची नाही. कामगारांचे वाद्य ते कामगारांपाशीच राहिले.

१९७२ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय ब्रास बँड स्पर्धेच्या वतीने जोसेफ होरोविट्स यांना युफोनियमसाठी कॉन्चेर्टो लिहायला सांगण्यात आले. हे गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा घरदार सोडून इंग्लंडला आलेले. घरातून उठवलेल्या माणसाने बाहेर ठेवलेल्या वाद्यासाठी लिहिले. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ट्रेव्हर ग्रूम यांनी तो वाजवला, आणि साथीला होता एका पादत्राणांच्या उद्योगाच्या नावाने चालणारा बँड. सज्जनहो, जोड्यांच्या कारखान्याच्या नावाचा बँड त्या भव्य सभागृहात साथ करतो आणि त्याच्याच घरचे वाद्य पुढे उभे राहून बोलते, हे चित्र आम्हाला कोणत्याही राज्याभिषेकाहून मोठे वाटते.

ही सगळी सुखाचीच कहाणी आहे असे मात्र नाही. १९९२ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या अनेक खाणी बंद करण्याची घोषणा झाली. त्यांत ग्रिमथॉर्पची खाण होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्रिमथॉर्पच्या खाण कामगारांच्या बँडाने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९९३ मध्ये खाण बंद पडली. बँड मात्र टिकला. गिरणगावात वाढलेल्या माणसाला यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

आपल्या देशाकडे येऊ. ज्या लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी ट्यूबाचा कॉन्चेर्टो लिहिला गेला, त्याच वाद्यवृंदाबरोबर १९७१ साली पंडित रविशंकर यांनी सतारीचा कॉन्चेर्टो सादर केला. पण सतार ही मुळातच मानाची. आमच्या विषयाला जवळचा आहे तो तबला. थिरकवाँसाहेबांसारखा महान तबलिया गंधर्व नाटक मंडळीत साथ करीत होता, हे आपल्यापैकी जाणकारांना ठाऊक आहे. साथीदाराचे नाव बारीक अक्षरात छापायचे, त्याची बिदागी शेवटी ठरवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. २०१५ साली मुंबईत, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या संस्थेत, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर उस्ताद झाकीर हुसेन यांनी तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी स्वतः रचलेला कॉन्चेर्टो वाजवला. त्याला त्यांनी नाव दिले 'पेशकार'. स्वतंत्र तबलावादनाच्या आरंभी जो विस्तार मांडतात, त्याचे हे नाव. मुंबईतच जन्मलेला तबलजी मुंबईतच सबंध पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या पुढ्यात बसला, आणि बाकीचे त्याच्याकडे कान देऊन होते. डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद गेले. वाट मात्र पाडून गेले.

यावर कोणी विचारील, "सगळेच पुढे आले तर खर्ज कोणी धरायचा?" प्रश्न रास्त आहे. उत्तर कॉन्चेर्टोतच आहे. तेरा मिनिटे संपली की ट्यूबावाला आपल्या मागच्या खुर्चीवर परत जाऊन बसतो. पण आता शेजाऱ्यांनी त्याला ऐकलेले असते. त्यानंतर तो जो खर्ज धरतो, तो त्यांच्या कानांना पूर्वीसारखा राहत नाही.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही तीन वर्षांचा करार केला. पगारवाढ चांगली मिळाली. गेटावर गुलाल उधळला, पेढे वाटले. गर्दी पांगल्यावर मशीनला तेलपाणी करणारा एक मनुष्य आमच्याजवळ आला. वीस वर्षे तो आमच्या प्रत्येक सभेला येई, शेवटी उभा राही आणि कधी बोलत नसे. तो म्हणाला, "अण्णा, आम्हा रात्रपाळीच्या तेलपाणीवाल्यांचं काय ठरलं, तेवढं वाचून दाखवा की." आम्ही कागद उलटेपालटे केले. त्यांच्याविषयी एक ओळदेखील नव्हती. वाटाघाटीच्या कमिटीत सगळे मोठ्या खात्यांतले बोलके लोक होते, आणि त्यांत सर्वांत बोलके आम्ही. मालकाने त्यांना वगळले असते तर आम्ही संप केला असता. त्यांना वगळले ते आम्हीच. तीन वर्षे त्या माणसांनी ते सोसले.

पुढच्या कराराच्या आधी सर्वसाधारण सभा भरली. आम्ही भाषण केले नाही. त्या गृहस्थाला माइकपाशी बोलावले. तो पुटपुटू लागला. सभेतून ओरड झाली, "मोठ्यानं बोला!" कोणी हसलेही. तेव्हा आम्हाला अंकलची तबकडी आठवली. आम्ही उठून सभेला सांगितले, "तो मोठ्यानं बोलणार नाही. तुम्ही हळू व्हा." सभा हळू झाली. बाहेर चहावाल्याने स्टोव्हदेखील बंद केला. मग सात-आठ मिनिटे तो बोलला. जमिनीवर सांडलेले तेल, चार महिने न लावलेले दिवे, अंधारात बोट गमावलेला एक पोरगा. आणि शेवटी, "हे युनियनला माहीत नव्हतं, कारण युनियननं विचारलं नाही." हे तो आमच्याकडे पाहून बोलला. बोलणे झाले, आणि तो पुन्हा मागे जाऊन उभा राहिला.

त्यांची मागणी यादीत पहिली गेली. रात्रपाळीचा भत्ता मागितला त्याहून कमी मिळाला. दिवे मात्र आठ दिवसांत लागले. त्या पोराचे बोट काही परत आले नाही.

अनोख्या वाद्यांचे कॉन्चेर्टो आम्हाला का आवडतात, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. मुक्यांना वाचा देऊ, असे आम्ही पुढारी लोक पुष्कळदा म्हणतो. मुके मुळात कोणी नसतेच. त्यांचा आवाज खर्जातला असतो, आणि आमचा आवाज फार मोठा असतो.

आमचे बोलणे संपले. आता प्रश्नोत्तरे होतील. अध्यक्षमहाराजांना एकच विनंती आहे. दरवर्षी पहिल्या दोन रांगांतच वेळ संपतो असे ऐकतो. आज सुरुवात शेवटच्या रांगेपासून करावी. आणि पंखे थोडे कमी करावेत, म्हणजे ऐकू येईल.